एक तार, चार बँड : गावातल्या सामानातून ओपन वायर फीडर आणि मॅचिंग

हॅम रेडिओत रिगच्या (रेडिओ संचाच्या) मागच्या मीटरवर एसडब्ल्यूआर (जोडणी किती जुळते याचं माप, १:१ म्हणजे पूर्ण जुळलेली) १:१ दिसला की बहुतेक जण निर्धास्त होऊन माइक उचलतात. तो आकडा खोटा नसतो. पण तो फक्त रिग आणि ट्यूनर (जुळणी करून देणारा डबा) यांच्यातला असतो. ट्यूनरपासून वर तारेपर्यंत काय चाललंय, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. ४० मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी कापलेला २० मीटर लांबीचा डायपोल (मधोमध फीड केलेली अँटेनाची तार) आहे, मधोमध आरजी-५८ कोएक्स (जाळीच्या आवरणाची केबल) जोडलेली आहे, आणि घर लांब असल्यामुळे कोएक्स ३० मीटर आहे. हाच डायपोल २० मीटर बँडवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झवर चालवायचा म्हटलं तर मध्यावरचा इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध, ओममध्ये) हजारांत जातो. अडीच हजार ओम धरा. ५० ओमच्या कोएक्सला हा लोड म्हणजे ५०:१ एसडब्ल्यूआर. एवढ्या लांबीच्या आरजी-५८ चा या फ्रिक्वेन्सीला मूळ लॉस सुमारे १.७ डीबी (डेसिबल; १० डीबी गेले की पॉवरचा दहावा भाग उरतो) असतो. त्यावर ५०:१ चा मिसमॅच चढला की एकूण लॉस साडेदहा डीबीपर्यंत जातो. रिगमधून १०० वॅट निघाले तर तारेपर्यंत जेमतेम ९ वॅट पोचतात. बाकीचे कोएक्स तापवतात.

खरी गंमत पुढे आहे. परत येणारी पॉवरसुद्धा त्याच कोएक्समध्ये जिरते, त्यामुळे रिगजवळच्या मीटरला ५०:१ दिसतच नाही, साधारण ४.७:१ दिसतो. ट्यूनर तो मुकाट्याने १:१ करून देतो. मीटर खूश, ट्यूनर खूश, आणि आपण ९ वॅटवर बोलतोय. "आज बँड बंद आहे" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा बँड बंद नसतो, त्यांची कोएक्स गरम असते.

हीच तार, हीच ३० मीटर लांबी, पण कोएक्सऐवजी ६०० ओमची उघडी दोन तारांची लाइन, म्हणजे ओपन वायर, फीडर (रिगकडून तारेपर्यंत पॉवर नेणारी लाइन) म्हणून लावली तर? अडीच हजार ओमचा लोड तिला ४.२:१ वाटतो. तिचा मूळ लॉस ०.१ डीबीच्या आसपास. मिसमॅच धरूनही एकूण लॉस पाव डीबीच्या आत राहतो. १०० पैकी ९५ वॅट वर पोचतात. एसडब्ल्यूआर चांगला नाही, पण तो नसल्याने काही बिघडत नाही. बहुबँड तारेत भांडण एसडब्ल्यूआरशी नसतं, एसडब्ल्यूआर असलेल्या लाइनमध्ये होणाऱ्या लॉसशी असतं.

शहरातल्या फ्लॅटवाल्याला ओपन वायर परवडत नाही, कारण ती भिंतीला, ग्रिलला, पाण्याच्या टाकीला चिकटवून नेता येत नाही. आपल्याकडे वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात किंवा एकूणच विदर्भातल्या खेड्यात जागेची ददात नाही. घरामागे वाडा, पुढे वावर, बांधावर कडुनिंब. त्याचा फायदा घ्यायचा. हा लेख लायसन्स हातात असलेल्या आणि सोल्डरिंग येणाऱ्यांसाठी आहे. डायपोल म्हणजे काय, इथपासून मी सुरुवात करत नाही.

आधी तारेच्या मध्यावर काय असतं ते बघा

तार २०.१ मीटर घेऊ. १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, हा अर्ध्या तरंगलांबीचा हिशेब. ७.१ साठी २०.१४ मीटर येतात. १० मीटर उंचीवर टांगलेल्या अशा तारेच्या मध्यावर ४० मीटर बँडला सुमारे ७० ओम मिळतात. जमीन, उंची आणि तारेचा कल यांनुसार हा आकडा पुढेमागे होतो.

२० मीटर बँडला तीच तार एक पूर्ण तरंगलांबी होते. मध्यावर व्होल्टेज जास्त, करंट कमी, इम्पीडन्स काही हजार ओम. १५ मीटर बँडला ती दीड तरंगलांबी होते आणि इम्पीडन्स पुन्हा खाली, १०० ओमच्या आसपास येतो. फक्त रेझोनन्स बँडच्या थोडा वर, २१.५ च्याही पुढे जातो, कारण तारेच्या टोकांचा परिणाम फक्त शेवटच्या तुकड्यांवर होतो, मधल्यावर होत नाही. १० मीटर बँडला दोन तरंगलांब्या, म्हणजे पुन्हा हजारांत. खाली, वर, खाली, वर, असा हा प्रकार आहे. कोएक्सला यातले "खाली" दोन बँड झेपतात. "वर"चे दोन झेपत नाहीत.

लाइन नुसती पॉवर नेत नाही, इम्पीडन्सही बदलते

हा भाग नीट समजला की पुढचं सगळं सोपं जातं. लोड आणि लाइन जुळत नसतील तर लाइनच्या प्रत्येक बिंदूवर इम्पीडन्स वेगळा असतो. अर्ध्या तरंगलांबीवर जो लोड आहे तोच पुन्हा दिसतो. पाव तरंगलांबीवर तो उलटतो: लाइनच्या इम्पीडन्सचा वर्ग भागिले लोड. ६०० ओमच्या पाव तरंगलांबीच्या लाइनवर अडीच हजार ओम लावले तर दुसऱ्या टोकाला ३,६०,००० भागिले २,५०० म्हणजे १४४ ओम दिसतात. हे ट्यूनरला गोड लागतं. पण त्याच लाइनवर ७० ओम लावले तर ५,१०० च्या वर दिसतात. १०० वॅटला त्या ठिकाणी ७०० व्होल्टहून जास्त आरएमएस, म्हणजे शिखर १,००० व्होल्ट. साधा ट्यूनर इथे ठिणग्या सोडतो.

आता यातला सापळा बघा. कोणी म्हणेल, घर जवळ आहे, तार मधोमध, फीडर १० मीटर पुरतो. ४० मीटर बँडला १०.३ मीटर ओपन वायर म्हणजे बरोबर पाव तरंगलांबी. ७० ओमचे ५,१०० होतात. २० मीटर बँडला तीच लाइन अर्धी तरंगलांबी. अडीच हजारांचे अडीच हजारच राहतात. म्हणजे आपल्याकडचे दोन सर्वांत जास्त वापरायचे बँड, दोन्ही ट्यूनरच्या डोक्यावर. फीडरची लांबी "जेवढी लागेल तेवढी" ठेवली तर ती नेमकी वाईट लांबीवर येऊन पडायची शक्यता बरीच असते.

म्हणून लांबी आपण ठरवायची.

२० मीटर बँडला पाव तरंगलांबीची विषम पट हवी, म्हणजे हजार ओम खाली येतात. १४.१५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी हवेत ५.३ मीटर. घरी केलेल्या ओपन वायरमध्ये लहर हवेपेक्षा किंचित हळू जाते, व्हेलॉसिटी फॅक्टर ०.९७ धरला तर ५.१४ मीटर. हीच लांबी ४० मीटर बँडला एक-अष्टमांश तरंगलांबी होते, आणि अष्टमांश ही जागा ना फार वर ना फार खाली. ५.१४ मीटरचा फीडर दहा मीटर उंच तारेपासून जमिनीपर्यंतही पोचणार नाही, म्हणून तिप्पट घ्या: १५.४ मीटर. या लांबीला शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) काय दिसतं ते मी काढून ठेवलंय.

४० मीटर बँड: सुमारे १४० ओम, सोबत ५८० ओमचा कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स (कपॅसिटरसारखा, पॉवर न खाणारा विरोध). बाहेरचा ट्यूनर हे सहज जुळवतो. रिगच्या आतला ट्यूनर जुळवत नाही, कारण त्यांतले बहुतेक ३:१ पर्यंतच काम करतात.

२० मीटर: १४४ ओमच्या आसपास, रिअॅक्टन्स थोडाच. सर्वांत सोपा बँड.

१५ मीटर: सुमारे २०० ओम, सोबत ५७० चा इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स. चालतं.

१० मीटर: इथे १५.४ मीटर म्हणजे दीड तरंगलांबी, त्यामुळे वरचे हजार-दोन हजार ओम जसेच्या तसे खाली येतात. उपाय साधा आहे. २.५६ मीटरचा त्याच लाइनचा तुकडा करून ठेवा आणि फक्त या बँडला मध्ये जोडा. २८.४ मेगाहर्ट्झला तो पाव तरंगलांबी होतो आणि २,००० चे १८० ओम होतात. दोन केळी प्लग आणि दोन सॉकेट, काम झालं. १० मीटर बँड रोज उघडत नाही, त्यामुळे हा त्रास फारसा जाणवत नाही.

आकडे टोकाचे अचूक मानू नका. तुमची उंची आणि जमीन वेगळी, तुमचे आकडे वेगळे. पण कोणता बँड सोपा जाईल आणि कोणता अवघड, हा क्रम बदलत नाही.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात

लोक विचारतात म्हणून सांगतो. ४९:१ ट्रान्सफॉर्मर लावून टोकाकडून फीड केलेली अर्ध्या लहरीची तार ४०, २०, १५ आणि १० वर चालते आणि लावायला सर्वांत सोपी आहे. शेतात दोन तासांचं काम. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये थोडी पॉवर जाते आणि कोएक्सचं आवरण तारेचाच भाग होऊन बसतं, म्हणून चोक (आवरणावरचा करंट अडवणारी कॉइल) लागतोच. एक-तृतीयांशावर फीड केलेली तार ४:१ बालूनसह (समतोल तार आणि कोएक्स यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर) ४०, २० आणि १० वर बरी चालते, १५ वर अडते. एकाच मध्यावरून ४०, २० आणि १० चे वेगवेगळे डायपोल सोडून एकच कोएक्स, ही पद्धत ज्याला ट्यूनर घ्यायचा नाही त्याच्यासाठी उत्तम. तारा एकमेकींवर परिणाम करतात, कापाकापीत संयम लागतो.

जी५आरव्ही हे नाव तुम्ही ऐकलं असेल. लुई व्हार्नी यांनी १९४६ मध्ये तयार केलेली ही ३१.१ मीटरची तार २० मीटर बँडसाठी होती. तिथे ती दीड तरंगलांबी होते, आणि १०.३६ मीटरची ओपन वायर वरचा इम्पीडन्स खाली तसाच आणून देते. "सगळ्या बँडवर ट्यूनरशिवाय" अशी तिची जाहिरात होते, ती मानू नका. इतर बँडवर खाली जोडलेल्या कोएक्सला मोठा एसडब्ल्यूआर सोसावा लागतो.

ज्यांना कोएक्सच वापरायची आहे आणि ४० मीटरचा चौकोनी किंवा त्रिकोणी लूप बांधायला जागा आहे, त्यांच्यासाठी एक स्वस्त वाट आहे. पूर्ण तरंगलांबीच्या लूपचा इम्पीडन्स ११० ओमच्या आसपास असतो. त्याला ७५ ओमच्या केबलचा पाव तरंगलांबी तुकडा लावला की ५० मिळतात. डिश टीव्हीची आरजी-६ गावोगावी पडलेली असते. फोमच्या आरजी-६ ला ७.१ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी सुमारे ८.८ मीटर येते. तिची जाळी अॅल्युमिनियमची असते आणि सोल्डर धरत नाही, तेव्हा एफ कनेक्टर वापरा. हा एका बँडचा उपाय आहे. २१ मेगाहर्ट्झवरही तो तुकडा पाऊण तरंगलांबी होत असल्याने काम करतो, पण इतर बँडवर भरवसा नाही.

सामान

तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. शेतीपंप जळायचा हंगाम संपलेला नसतो, त्यामुळे प्रत्येक तालुक्याच्या गावात दोन-चार दुकानं असतातच. १६ गेजची इनॅमलची तांब्याची तार, १.६ मिलिमीटर जाड, मागा. दुकानदार विचारेल, "किती एचपीची मोटार हाय भाऊ?" मोटार नाही, रेडिओ आहे म्हटलं की चहा येतो आणि अर्धा तास जातो. वाइंडिंगची तार मऊ असते, टांगल्यावर ताणली जाते. कापण्याआधी एक टोक झाडाला बांधून, दुसरं हाताने हळूहळू ओढून, तिची वाढ काढून घ्या. वरच्या तारेसाठी अडीच स्क्वेअर एमएमची घरगुती वायरही चालते. पीव्हीसी आवरणामुळे तिची विद्युत लांबी दोन-तीन टक्के वाढते, पण आपण ट्यूनर वापरणार असल्याने त्याची फिकीर नाही.

झटका मशीनच्या कुंपणाची जीआय तार घरात पडलेली आहे म्हणून वापरू नका. आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो आणि पोलादाचा पृष्ठभाग तांब्यासारखा नसतो. जस्ताचा थर असेपर्यंत ठीक, गंजली की लॉस वाढत जातो. पण त्याच कुंपणाचे इन्सुलेटर मात्र घ्या. कृषी केंद्रात मिळतात, उन्हाला टिकतात. तारेच्या टोकांना विजेच्या खांबाच्या ताणतारेत वापरतात तो चिनी मातीचा अंडा इन्सुलेटर सर्वोत्तम.

फीडरच्या स्पेसरसाठी ठिबकची कोरी लॅटरल, म्हणजे ड्रिपर नसलेली १६ मिलिमीटरची काळी नळी, यापेक्षा चांगली वस्तू मला अजून दिसली नाही. ती वर्षानुवर्षं उन्हात पडून राहण्यासाठीच बनलेली असते. विजेच्या फिटिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तुटतो. संत्र्याच्या बागेत नळी बदलतात तेव्हा बांधावर जुन्या लॅटरलचे भारे पडलेले असतात. क्षार बसलेली नको, धुऊन घ्या.

खांबासाठी विहिरीतल्या किंवा बोअरच्या मोटारीचे जुने जीआय पाइप. दोन जोडले की १२ मीटर, चार बाजूंनी ताण द्यावाच लागतो.

फीडर बांधणं

तारांमधलं अंतर ठरवायचं गणित असं: अंतराची दुप्पट भागिले तारेची जाडी, त्याचा लॉग, गुणिले २७६. १.६ मिलिमीटर तार आणि १० सेंटिमीटर अंतर घेतलं तर २०० भागिले १.६ म्हणजे १२५, त्याचा लॉग २.१, आणि उत्तर ५८० ओम. ६०० धरून चालायला हरकत नाही. ४५० हवे असतील तर अंतर साडेतीन सेंटिमीटरपर्यंत आणावं लागतं, आणि मग तारा वाऱ्याने एकमेकींना चिकटतात. १० सेंटिमीटरवर राहा.

लॅटरलचे १२ सेंटिमीटरचे तुकडे कापा. दोन स्पेसरमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर १५.४ मीटरला ३५ तुकडे लागतात, म्हणजे सव्वाचार मीटर नळी. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटर आत आरपार छिद्र पाडा. छिद्रांमधलं अंतर १० सेंटिमीटर राहिलंच पाहिजे, म्हणून एका लाकडी पट्टीवर दोन खिळे ठोकून साचा करून घ्या. नळी साच्यावर ठेवा, तापवलेल्या सुईने छिद्र पाडा, पुढची घ्या.

आता दोन्ही तारा वाड्यात दोन खांबांच्या मध्ये कमरेच्या उंचीवर ताणा, पण एक टोक मोकळं ठेवा. सगळे स्पेसर आधी त्या टोकाकडून एकामागे एक ओवून घ्या, मग तार बांधा आणि स्पेसर सरकवत जागेवर न्या. तार ताणल्यावर स्पेसर ओवता येत नाहीत, हे उघड असलं तरी सांगावं लागतं. जागेवर आणलेला स्पेसर सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना बारीक तांब्याच्या तारेचे दोन-दोन वेढे घट्ट मारा. गरम गोंद वापरू नका. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांवर पारा जातो आणि तो गोंद ओघळून खाली येतो.

नळीची टोकं बंद करा, एवढी एक गोष्ट विसरू नका. उघड्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. कोरडी माती त्रास देत नाही, पण मृगाच्या पहिल्या सरीत ती भिजली की तारेपर्यंत ओल पोचते आणि प्रत्येक स्पेसर किंचित गळू लागतो. टोक तापवून पकडीने दाबलं की ते चिकटून बसतं.

फीडरला वर नेताना दर मीटरला अर्धा पीळ द्या. सपाट लाइन वाऱ्यात पताकेसारखी फडफडते आणि सोल्डर केलेल्या जागी तुटते. पिळलेली शांत राहते.

टांगणं आणि घरात आणणं

तारेच्या मध्यापासून फीडर निदान पाच-सहा मीटर सरळ खाली, तारेला काटकोनात उतरला पाहिजे. तारेच्या एका हाताखालून तिरका नेला तर त्या बाजूशी जास्त जोडला जातो, दोन्ही तारांतला समतोल बिघडतो, आणि फीडर स्वतःच अँटेना व्हायला लागतो. जीआय पाइपचा खांब असेल तर फीडर त्याच्यापासून ३०-४० सेंटिमीटर लांब, आडव्या बांबूच्या तुकड्यावर ठेवा. टिनाच्या छपरावर तो टेकता कामा नये. जमिनीवरही नको. काळी माती पावसाळ्यात ओली असताना चांगली वाहक होते आणि तेव्हा लाइनचे सगळे गुण ती खाऊन टाकते.

झाडाला बांधलेलं टोक पुलीवरून घ्या आणि दोरीला पाण्याने भरलेला प्लास्टिकचा कॅन लटकवा. कडुनिंब वादळात मीटरभर हलतो. कॅन खालीवर होतो, तार तुटत नाही. दोरी काळी घ्या, पिवळी नायलॉनची एका उन्हाळ्यात पिठासारखी होते.

कवेलूच्या घरात फीडर आत आणणं सोपं असतं. वळचणीखाली लाकडी दार किंवा खिडकीच्या चौकटीत १० सेंटिमीटर अंतरावर दोन छिद्रं, त्यात प्लास्टिक नळीचे तुकडे, त्यातून तारा. लोखंडी ग्रिलमधून आणायची असेल तर ग्रिलपासून दोन्ही तारांचं अंतर सारखं ठेवा. छिद्रांना बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि तारेला आत येण्याआधी एक खालचा वळसा द्या, पाणी तिथूनच टपकून जातं.

आता बालून. इथे ४:१ लावायची सवय आहे. माझं मत १:१ करंट बालूनचं आहे, कारण आपण लांबी अशी निवडली आहे की बहुतेक बँडला रेझिस्टन्स आधीच १५० ते २०० ओमच्या आसपास आहे. ४:१ ने तो ४०-५० वर येईल हे खरं, पण रिअॅक्टन्स जास्त असलेल्या बँडवर ४:१ बालून वेडावाकडा वागतो आणि तापतो. १:१ करायला एफटी-२४०-४३ च्या दोन फेराइट रिंगा एकावर एक ठेवा आणि दोन समांतर तारांचे ९-१० वेढे घ्या. तो खिडकीशी ठेवा, तिथून ट्यूनरपर्यंत कोएक्स जितकी आखूड जमेल तितकी, दोन मीटरच्या आत. या दोन मीटरवर एसडब्ल्यूआर मोठा असतो, पण लांबी कमी असल्याने लॉस नगण्य राहतो. इथे आरजी-५८ ऐवजी आरजी-२१३ वापरा.

मोजणं

नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स मोजणारं छोटं यंत्र) आता सगळ्यांकडे दिसतो. आधी ओपन, शॉर्ट आणि लोड लावून कॅलिब्रेशन करा. ज्या वायरच्या टोकाला मोजणार आहात त्याच टोकाला कॅलिब्रेट करा.

पहिलं माप फीडरचं, तार जोडण्याआधी. फीडरचं दुसरं टोक उघडं ठेवा आणि ३ ते ६ मेगाहर्ट्झ स्वीप करा. जिथे इम्पीडन्स सर्वांत कमी होऊन रिअॅक्टन्स शून्यातून जातो, तिथे लाइन पाव तरंगलांबी आहे. १५.४ मीटरला ०.९७ फॅक्टर असेल तर ही जागा ४.७ मेगाहर्ट्झच्या जवळ येते. फ्रिक्वेन्सी गुणिले लांबी गुणिले ४, भागिले ३००, हा तुमच्या लाइनचा खरा फॅक्टर. ४.६ ला आली तर ०.९४५, म्हणजे आवरणाची तार वापरलीत किंवा स्पेसर ओले आहेत. मग फीडर त्या प्रमाणात, ३० ते ४० सेंटिमीटर, कमी करा. फीडर मोजताना तो कमरेच्या उंचीवर, सगळ्यापासून लांब टांगलेला असू द्या. व्हीएनए बॅटरीवर चालवा, चार्जरची वायर लावू नका.

दुसरं माप सगळं जोडल्यावर, बालूनच्या ट्यूनरकडच्या टोकाला. चारही बँडचे रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स वहीत लिहून ठेवा. पाऊस झाल्यावर पुन्हा घ्या. फरक किरकोळ असेल तर बांधणी चांगली झाली. मोठा असेल तर कुठेतरी ओल शिरली आहे किंवा फीडर कशाला तरी टेकतोय.

ट्यूनर जुळवताना सुरुवात १० वॅटने करा. बाजारातले बहुतेक मॅन्युअल ट्यूनर दोन कपॅसिटर आणि मध्ये एक कॉइल असे असतात. त्यांत १:१ एकाहून जास्त जागी मिळतो, आणि त्यातल्या काही जागी कॉइल स्वतःच पॉवर खाते. ज्या जागी कपॅसिटर जास्तीत जास्त मिटलेले आणि कॉइल कमीत कमी वळसे वापरते, ती जागा निवडा. जुळल्यावर नॉबच्या जागा लिहून ठेवा, म्हणजे बँड बदलताना हवेत कॅरियर सोडत बसावं लागत नाही. १०० वॅटवर मिनिटभर बोलून ट्यूनरला हात लावून बघा. कोमट ठीक, गरम असेल तर चुकीच्या जागी जुळवलाय.

झटका मशीनची टिक-टिक

रानडुक्कर आणि रोही यांच्यापायी आता शिवारात प्रत्येक तिसऱ्या वावराला झटका मशीन आहे. साधारण सेकंदाला एक ठोका, एस-मीटरची (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरची) सुई नाचवतो. त्यातला काही आवाज तारेतून येतो, त्याला इलाज नाही. पण बराचसा फीडरच्या किंवा कोएक्सच्या बाहेरून, घराच्या वायरिंगमधून येतो. दोन्ही तारांतला समतोल चांगला असेल तर तो रद्द होतो. बालून योग्य असल्याची सर्वांत सोपी खूण हीच: बालून काढला तर टिक-टिक वाढते का? वाढली तर तो काम करत होता. शेजारच्या मशीनचा ठोका एकाएकी जोरात येऊ लागला तर बहुतेक वेळा कुंपणाची तार गवताला टेकून ठिणगी पडत असते. शेजाऱ्याला सांगा, कुंपणात करंट कमी पोचतोय हे कळलं तर तो स्वतःच धावत जाऊन गवत कापेल.

वीज, आणि महावितरणची लाइन

११ केव्हीची लाइन वावरातून जात असेल तर अँटेना अशा जागी घ्या की खांब आडवा पडला किंवा तार तुटून उडाली तरी ती लाइनला शिवणार नाही. त्या लाइनच्या वरून किंवा खालून दोरा फेकायचा विचारही नको.

मे अखेर आणि जून हे आपल्याकडे विजांचे दिवस. ओपन वायरचा एक फायदा असा की ती घराबाहेरच सोडून ठेवता येते. खिडकीच्या बाहेर दोन केळी प्लग, आणि त्यांच्या शेजारी अर्थिंगच्या सळईला जोडलेले दोन सॉकेट. बोलणं संपलं की फीडर बाहेर काढून त्या सॉकेटमध्ये घाला, ढग असोत की नसोत. सळई तांब्याची, किमान दोन-अडीच मीटर खोल. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती सळईपासून सुटते, तेव्हा एप्रिलपासून आठवड्याला तिथे बादलीभर पाणी ओता. ठिणगीचे अंतर ठेवून मोटारसायकलचे स्पार्क प्लग लाइन आणि अर्थ यांच्यात लावायची पद्धतही आहे, पण तिच्या भरवशावर फीडर घरात ठेवून झोपू नका.

वानरांचं एक राहिलं. तारेवर ती फारशी जात नाहीत, पण फीडरच्या पिळलेल्या जाळीला झोके घेतात, आणि ३५ पैकी चार-पाच स्पेसर एका सकाळी खाली पडलेले मिळतात. फीडरचा जमिनीजवळचा आणि छपराजवळचा भाग वानरांच्या वाटेवरून, म्हणजे कुंपणावरून छपरावर उडी मारायच्या जागेवरून, बाजूला ठेवा. आणि जास्तीचे दहा स्पेसर करून ठेवा. ते मात्र उभे चिरून, म्हणजे तार न सोडता ताणलेल्या लाइनवर वरून बसवता येतील.